५ वाजून २९ मिनिटे ६० सेकंद : सर्व्हरांच्या घड्याळांचा इतिहास

१/
१ जुलै २०१२, रविवार. भारतात पहाटेचे साडेपाच वाजत आले होते. घड्याळात ५ वाजून २९ मिनिटे ५९ सेकंद झाले, पण पुढच्या सेकंदाला साडेपाच वाजले नाहीत. अधिकृत कालगणनेत त्या जागी एक जादा सेकंद घातलेला होता : ५:२९:६०. पृथ्वीच्या फिरण्याशी अणुघड्याळांचा मेळ राहावा म्हणून १९७२ पासून असे 'लीप सेकंद' अधूनमधून घालण्याची प्रथा होती. झोपलेल्या माणसांना त्याचा पत्ताही लागला नाही. जगभरातील अनेक सर्व्हरना मात्र तो एक सेकंद पचला नाही.

२/
रेडिट हे संकेतस्थळ कोलमडले. मोझिलाच्या सर्व्हर-समूहांत गोंधळ उडाला. ऑस्ट्रेलियात क्वांटास विमानकंपनीची संगणकीय चेक-इन यंत्रणा अडखळली आणि कर्मचाऱ्यांना प्रवाशांची नोंद हाताने करावी लागली. सर्व्हर बंद पडले नव्हते. उलट ते पूर्ण क्षमतेने राबत होते आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नव्हते. विलक्षण गोष्ट ही की त्यावरचा एक रामबाण उपाय फारच साधा निघाला : घड्याळात जी वेळ दिसते आहे तीच पुन्हा एकदा लावायची. एका ओळीची ती आज्ञा देताच यंत्रे शांत झाली.

३/
असे का घडले? लिनक्सच्या गाभ्यात वेळेच्या दोन नोंदी होत्या. एक बाहेरच्या जगाला दाखवण्याची वेळ. दुसरी आतल्या गजरांसाठी वापरली जाणारी. लीप सेकंद आला तेव्हा पहिली नोंद दुरुस्त झाली, पण दुसरीला तो निरोप पोहोचलाच नाही. दोघींत बरोबर एका सेकंदाचे अंतर पडले. मग 'अर्धा सेकंद थांब' असे सांगितलेला प्रोग्राम थांबेना, कारण गजराच्या हिशेबाने ती मुदत आधीच उलटून गेलेली असे. तो लगेच जागा होई, पुन्हा झोपू पाही, पुन्हा जागा होई. वेळ नव्याने लावल्याने दोन्ही नोंदी एकमेकींशी जुळल्या, एवढेच.

४/
एकाच यंत्रातील दोन घड्याळांचे जुळेना, तर हजारो यंत्रांच्या समूहाचे काय होत असेल? आणि दोन घड्याळे वेगळी वेळ दाखवत असतील, तर कोणी कोणाचे ऐकायचे? हा प्रश्न संगणकाहून फार जुना आहे. मुंबईने तर तो अर्धशतकाहून अधिक काळ भांडून पाहिला आहे.

५/
एकोणिसाव्या शतकात मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे. रेल्वे मात्र मद्रास वेळेवर चाले, म्हणजे शहराच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रास वेळ मुंबईवर लादण्याचा प्रयत्न केला. लोकांच्या विरोधापुढे तो टिकला नाही. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असलेली भारतीय प्रमाणवेळ आली. त्या जानेवारीत गिरणी कामगारांनीही नव्या वेळेविरुद्ध आवाज उठवला. मुंबई महानगरपालिकेने आपली ३९ मिनिटे मागे असलेली वेळ पुढे १९५५ पर्यंत जपली. एकाच शहरात स्टेशनावर एक वेळ आणि पालिकेत दुसरी.

६/
या वादात दोन्ही बाजूंकडे तर्क होता. मुंबई वेळ शहराच्या डोक्यावरील सूर्याशी प्रामाणिक होती, म्हणून 'खरी' होती. प्रमाणवेळ कोणत्याही एका गावाची खरी वेळ म्हणून आली नव्हती. ती सर्वांनी मान्य केल्यामुळे उपयोगी होती. अचूकता आणि एकमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संगणकांच्या घड्याळांचा पुढचा सगळा इतिहास या दोन टोकांमध्ये हेलकावे घेतो.

७/
मुळात संगणकाचे घड्याळ चुकते कशामुळे? त्याच्या पोटात क्वार्ट्झचा एक छोटा स्फटिक असतो. विद्युतप्रवाहाने तो ठरावीक गतीने कंप पावतो आणि त्या कंपनांची मोजणी म्हणजे वेळ. पण कोणतेही दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. तापमान बदलले की गतीही बदलते. दहा लाखांत पन्नास भागांची चूक ऐकायला नगण्य वाटते. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर ती रोज सुमारे ४.३ सेकंद होते. म्हणजे महिन्याला दोन मिनिटांहून अधिक. एकाच खोलीतील, एकाच दिवशी विकत घेतलेले दोन सर्व्हरही अशा रीतीने एकमेकांपासून दूर जात राहतात.

८/
एकटा संगणक असताना याने फारसे बिघडत नसे. यंत्रे जाळ्यात जोडली गेली आणि त्रास सुरू झाला. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये 'मेक' नावाचे साधन लिहिले. मूळ लिखित प्रोग्राम हा तयार झालेल्या प्रोग्रामपेक्षा नवा असेल तरच ते पुन्हा बांधणी करी, आणि नवे कोणते हे फायलीवरील वेळेवरून ठरे. आता समजा, बांधणी करणाऱ्या यंत्राचे घड्याळ पाच सेकंद पुढे आहे आणि प्रोग्रामरने बांधणीनंतर तीन सेकंदांनी दुसऱ्या यंत्रावर दुरुस्ती केली. दुरुस्ती नंतरची, पण तिच्यावरचा शिक्का आधीचा. 'मेक' म्हणणार : काहीच बदललेले नाही. दुरुस्त केलेली चूक तशीच्या तशी पुन्हा हजर!

९/
बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात रिकार्डो गुसेला आणि स्तेफानो झात्ती यांनी १९८० च्या दशकात यावर एक लोकशाही तोडगा काढला. समूहातील एक यंत्र प्रमुख होते. ते सर्वांना वेळ विचारते, फारच भरकटलेल्यांना बाजूला ठेवते, उरलेल्यांची सरासरी काढते आणि प्रत्येकाला 'तू इतका पुढे जा', 'तू इतका मागे राहा' असे कळवते. बाहेरच्या जगात किती वाजले आहेत याची ही पद्धत फिकीर करत नाही. सगळा समूह मिळून दहा मिनिटे चुकीचा असला तरी चालेल. आपसांत तो एक असला पाहिजे. ही संगणकांची 'मुंबई वेळ' म्हणता येईल.

१०/
याच काळात आणखी एक धडा पक्का झाला. पुढे गेलेले घड्याळ झटक्यात मागे ओढायचे नाही. तसे केले तर तीच वेळ दोनदा येते, आणि आधी घडलेली घटना नंतरची ठरते. म्हणून बर्कली युनिक्समध्ये घड्याळ हलकेच मंद किंवा जलद करण्याची सोय आली. घड्याळ थोडे सावकाश चालवायचे आणि खऱ्या वेळेला त्याला गाठू द्यायचे. आजही सर्व्हरची काळजी वाहणारे लोक छोटा फरक असाच जिरवतात. मोठा फरक असेल तर यंत्र कामाला लावण्यापूर्वीच वेळ एकदम बदलून घेतात.

११/
दुसरे टोक, म्हणजे अचूकतेचे, ज्यांनी सांभाळले ते डेव्हिड मिल्स. जन्म १९३८, कॅलिफोर्नियातील ओकलंड. काचबिंदू जन्मापासूनचा, बालपणीच्या शस्त्रक्रियेने डाव्या डोळ्याची थोडी दृष्टी वाचली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कॉमसॅट या उपग्रह-संपर्क कंपनीत असताना त्यांनी जाळ्यातील यंत्रांची घड्याळे जुळवण्याचे प्रयोग सुरू केले. पुढे ते डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झाले. सप्टेंबर १९८५ मध्ये त्यांची 'नेटवर्क टाइम प्रोटोकॉल', म्हणजेच एनटीपी, ही पद्धत प्रसिद्ध झाली. इंटरनेटवरील सर्वांत जुन्या आणि अजूनही चालू असलेल्या पद्धतींपैकी ती एक आहे.

१२/
अडचण अशी की दूरच्या यंत्राला 'किती वाजले?' असे विचारले तर उत्तर येईपर्यंत ते शिळे होते. एनटीपी चार वेळा नोंदवते. समजा, आपल्या घड्याळात ० असताना प्रश्न निघाला. सर्व्हरच्या घड्याळाने तो ५.०३० सेकंदांना पोहोचला, ५.०४० ला उत्तर निघाले, आणि आपल्या घड्याळात ०.०७० असताना ते हाती आले. एकूण ०.०७० सेकंद गेले, त्यातले ०.०१० सर्व्हरने घेतले. म्हणजे प्रवासाचे ०.०६०, एका बाजूचे ०.०३०. प्रश्न आपल्या घड्याळाने ०.०३० ला पोहोचला असणार आणि सर्व्हर सांगतो ५.०३०. फरक बरोबर ५ सेकंद. आपले घड्याळ तेवढे मागे आहे.

१३/
या गणितात एक गृहीतक दडलेले आहे : जाण्याला आणि येण्याला सारखाच वेळ लागला. रस्त्यात एका बाजूलाच गर्दी असेल तर उत्तर चुकते, आणि ते चुकले हे त्या एका प्रश्नोत्तरावरून कधीही कळत नाही. म्हणून मिल्स यांनी एका मोजमापावर विसंबण्याचे टाळले. अनेक सर्व्हरना पुन्हा पुन्हा विचारायचे, कमीत कमी वेळात आलेल्या उत्तरांना अधिक मान द्यायचा आणि ज्यांची उत्तरे इतरांशी जुळत नाहीत त्यांना वगळायचे. यातील मूळ कल्पना कीथ मार्झुलो यांच्या १९८४ च्या प्रबंधातून आली. दोनच सर्व्हर विचारले आणि त्यांच्यात मतभेद झाला तर खरा कोण हे ठरत नाही. निदान तीन हवेत, आणि एखादा बंद पडेल या हिशेबाने चार बरे.

१४/
एनटीपीची रचना उतरंडीची आहे. सर्वांत वर अणुघड्याळे आणि जीपीएसचे ग्राहक. त्यांना थेट जोडलेले सर्व्हर पहिल्या स्तरावर. त्यांना विचारणारे दुसऱ्या. असे पंधराव्या स्तरापर्यंत. ही सेवा बहुतांशी विद्यापीठे आणि हौशी मंडळी फुकट देत आली, आणि त्या चांगुलपणाची किंमतही त्यांना मोजावी लागली. मे २००३ मध्ये विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळेच्या सर्व्हरवर अचानक प्रश्नांचा पूर लोटला आणि तो पुढे सेकंदाला सुमारे अडीच लाखांपर्यंत गेला. एका कंपनीने घरगुती राउटरमध्ये विद्यापीठाचा पत्ता कायमचा कोरून ठेवला होता, आणि उत्तर न मिळाल्यास ते राउटर दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. त्याच वर्षी सुरू झालेल्या स्वयंसेवकांच्या 'एनटीपी पूल'ने हा भार अनेक सर्व्हरांत वाटून घेण्याची वाट दाखवली.

१५/
एका माणसाने मात्र मुळातच वेगळा प्रश्न विचारला होता. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी जुलै १९७८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यामागे पॉल जॉन्सन आणि रॉबर्ट थॉमस यांचे आधीचे लेखन आणि आइन्स्टाइनचा विशेष सापेक्षतावाद अशा दोन प्रेरणा होत्या. त्यांचे म्हणणे असे : बहुतेक वेळा आपल्याला 'किती वाजले' हे नको असते, 'आधी काय घडले' एवढेच हवे असते. मग प्रत्येक यंत्राने एक साधा आकडा ठेवावा. घटना घडली की तो एकाने वाढवावा. संदेश पाठवताना तो सोबत द्यावा. संदेश मिळणाऱ्याने आपला आकडा त्याहून मोठा करावा. कारण आणि परिणाम यांचा क्रम मग कधीच उलटा होत नाही. एकाही घड्याळाची गरज नाही.

१६/
हा उपाय सुंदर असला तरी त्याला मर्यादा आहे. दोन यंत्रांत संदेशच गेला नसेल तर त्यांच्या घटनांचा खरा क्रम या आकड्यांवरून कळत नाही. आणि व्यवहारात लोकांना घड्याळाचा मोह सुटत नाही. २००८ मध्ये खुल्या झालेल्या कॅसँड्रा या डेटाबेसमध्ये एकाच माहितीच्या दोन नोंदींत तंटा झाला तर नंतरचा वेळशिक्का असलेली नोंद जिंकते. समूहातील एक सर्व्हर दोन सेकंद पुढे असेल, तर त्याने आधी केलेली नोंद दुसऱ्याने एका सेकंदाने केलेल्या नव्या नोंदीवर मात करते. कोणताही इशारा येत नाही, यंत्र बंद पडत नाही. माहिती तेवढी गुपचूप नाहीशी होते. घड्याळांच्या बिघाडांत हा सर्वांत घातक प्रकार, कारण तो दिसत नाही.

१७/
लीप सेकंदावर गूगलने वेगळी युक्ती केली. २००८ च्या लीप सेकंदाच्या वेळी त्यांनी तो एकदम न घालता आधीच्या काही तासांत थोडा थोडा मिसळला. २०११ मध्ये ही पद्धत जाहीर केली. पुढे तो सेकंद २४ तासांवर पसरण्याचा प्रघात पडला. प्रत्येक सेकंद दहा लाखांत सुमारे साडेअकरा भागांनी लांबवायचा, म्हणजे सामान्य स्फटिकाच्या स्वाभाविक चुकीपेक्षाही कमी. मात्र पसरलेली वेळ देणारे सर्व्हर आणि साधी वेळ देणारे सर्व्हर एकत्र वापरले, तर त्या दिवशी दोघांत अर्ध्या सेकंदापर्यंत फरक पडतो. आपल्यापुरती सोयीची वेळ आणि इतरांशी विसंवाद : स्टेशन आणि पालिका पुन्हा समोरासमोर.

१८/
१ जानेवारी २०१७ च्या लीप सेकंदाला क्लाउडफ्लेअर या कंपनीच्या काही सर्व्हरांवर आणखी एक गृहीतक उघडे पडले. त्यांचा एक प्रोग्राम दोन क्षणांतील अंतर मोजत होता. घड्याळ मागे सरकले आणि ते अंतर ऋण आले. वेळ मागे जाऊ शकते हे प्रोग्रामला ठाऊक नव्हते. तो कोसळला आणि काही संकेतस्थळांचे पत्ते मिळेनासे झाले. त्याच वर्षी गो या भाषेच्या नव्या आवृत्तीत कधीही मागे न जाणारे वेगळे घड्याळ अशा मोजणीसाठी वापरले जाऊ लागले. किती वाजले हे सांगणारे घड्याळ आणि किती वेळ गेला हे सांगणारे घड्याळ वेगळे असले पाहिजे, हा धडा तेव्हा अनेकांनी नव्याने गिरवला.

१९/
२०१२ मध्ये गूगलने स्पॅनर या जगभर पसरलेल्या डेटाबेसची माहिती प्रसिद्ध केली, आणि या कथेला नवे वळण मिळाले. प्रत्येक डेटा सेंटरमध्ये जीपीएस आणि अणुघड्याळे बसवली होती. तरीही स्पॅनरचे घड्याळ 'आता इतके वाजले' असे सांगतच नाही. ते सांगते : 'आताची वेळ या क्षणाच्या आणि त्या क्षणाच्या मध्ये कुठेतरी आहे.' ही शंका दोन्ही बाजूंना साधारण १ ते ७ मिलिसेकंदांची. व्यवहार नोंदवताना यंत्र तेवढी शंका फिटेपर्यंत थांबते आणि मगच तो पूर्ण झाल्याचे जाहीर करते. आपले अज्ञान मोजायचे आणि तेवढा वेळ धीर धरायचा. क्रम त्यामुळे चुकत नाही.

२०/
हे प्रश्न आता कायद्याच्या पानांवरही आले आहेत. एप्रिल २०२२ मध्ये भारताच्या सर्ट-इन या संस्थेने आदेश काढला : सेवा पुरवणाऱ्या कंपन्या आणि डेटा सेंटरांनी आपली घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा यांच्या वेळेशी, अथवा तिच्यापर्यंत पोहोचणाऱ्या सर्व्हरांशी जुळवावीत. कारण सायबर हल्ल्याचा तपास करताना दहा यंत्रांच्या नोंदी एका क्रमाने लावाव्या लागतात. घड्याळे जुळत नसतील तर चोर आधी आला की दार आधी उघडले, हेच सांगता येत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला ही अडचण ओळखीची वाटेल. शकावली, हिजरी आणि इसवी सनांतील नोंदी एका ओळीत आणताना त्याचीही गत हीच असते.

२१/
नोव्हेंबर २०२२ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने लीप सेकंदाची प्रथा २०३५ पर्यंत थांबवण्याचा निर्णय घेतला. १९७२ ते २०१६ या काळात असे २७ सेकंद घातले गेले होते. म्हणजे सूर्य आणि घड्याळ यांच्या भांडणात यंत्रांच्या एकमताचे पारडे जड ठरले. १९५५ मध्ये मुंबईत ठरले होते तसेच.

२२/
डेव्हिड मिल्स १७ जानेवारी २०२४ रोजी निवर्तले. अखेरच्या वर्षांत त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली होती. भिंतीवरचे घड्याळ त्यांना दिसत नव्हते. पण त्या वेळी जगातील असंख्य संगणक त्यांनी आखून दिलेल्या रीतीने एकमेकांना विचारत होते, किती वाजले? ज्या उत्तरावर बँकांचे व्यवहार, विमानांची वेळापत्रके आणि तपासाच्या नोंदी उभ्या आहेत, ते उत्तर आजही कोणा एका घड्याळाचे नसते. अनेक चुकणारी घड्याळे एकमेकांना तपासत राहतात, आणि त्यातून जे हाती येते त्यालाच आपण वेळ म्हणतो.